पुढच्या काचेचा तडा दर आठवड्याला वाढतोय, नवी काच येईना. काय करू?

टर्नर_नागठाणे
८ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावून लिहितोय, कारण माहिती अर्धी दिली की सल्लाही अर्धाच मिळतो.

गाडी इलेक्ट्रिक, सव्वादोन वर्षांची, ४१ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही. मला कुणाशी भांडायचं नाही, मला काच पाहिजे. घर नागठाण्यात, वर्कशॉप सातारा एमआयडीसीत. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, डायलिसिस दर सोमवारी आणि गुरुवारी साताऱ्यात असतं, सकाळी सातची पाळी. गाडी घेतली ती या फेऱ्यांसाठीच. एसटीत त्यांना चढवणं-उतरवणं जमेना. डायलिसिस झालं की ते गळून जातात, गचका सोसत नाही. ही गाडी अलगद उचलते, अलगद थांबते. त्यामुळे काच येईपर्यंत ती दारात लावून ठेवा, असं कुणी सांगितलं तर मला ते जमणार नाही.

३ नोव्हेंबरला, सोमवारी, अण्णांना घेऊन परत येत होतो. वळशाजवळ सहापदरीच्या कामामुळे वाहतूक बाजूच्या रस्त्यावर वळवलेली. पुढे खडी भरलेला हायवा डंपर, वर ताडपत्री नाही. वाटलं, वरून खडी सांडेल, म्हणून अंतर ठेवून होतो. पण दगड वरून नाही आला, मागच्या जोडचाकांच्या मध्ये अडकलेला सुटून आला. बंदुकीसारखा आवाज झाला. उतरून पाहिलं तर डाव्या बाजूला, खालच्या कडेपासून वीतभर वर, तुरीच्या डाळीएवढा टवका. व्हर्नियर लावून मोजला, ४ मिमी. नखाला लागत होता, पण तडा नव्हता. रविवारी बघू म्हणून सोडून दिला. तो रविवार गेला, कामाच्या गर्दीत पुढचेही दिवस गेले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, पहाटे सव्वासहा. दव पडलेलं, काच बाहेरून गार. निम्म्या वाटेपर्यंत मी हीटर लावला नव्हता, रेंज वाचवायची सवय. आतून काच धुरकट व्हायला लागली तशी गरम हवा एकदम फुल्ल करून काचेवर सोडली. मिनिटभरात टवक्यातून तडा निघाला आणि माझ्या डोळ्यांदेखत पळाला. काचेवर केस पडावा तसा. अण्णा म्हणाले, "बाळा, काच फुटली का रं?" म्हटलं, "फुटली न्हाई अण्णा, तडा गेलाय."

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवलं. फोटो मागितले, दिले. १७ तारखेला मंजुरी आली, त्याबद्दल तक्रार नाही. १८ला सर्व्हिस सेंटरने काचेची ऑर्डर टाकली, आठ दिवस म्हणाले. २८ला काच आली, मी वर्कशॉपला सुट्टी टाकून गेलो, तर आरशामागच्या, रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचा ब्रॅकेटच तिला नव्हता. माझ्या गाडीच्या खालच्या मॉडेलची काच निघाली. ती परत गेली. तेव्हापासून रोज एकच उत्तर, "डेपोत नाही, फॅक्टरीतून येईल."

तडा किती सरकतो ते कळावं म्हणून काचेच्या आतून मार्करने टोकाला खूण करतो आणि तारीख टाकतो. ते आकडे असे: १३ नोव्हेंबर १७८ मिमी, १७ला २०५, २४ला २६०, १ डिसेंबरला ३३८, आज ४१२. २४ तारखेलाच खालचं टोक डाव्या कडेला जाऊन भिडलं. वरचं टोक आता कॅमेऱ्याच्या दिशेने चाललंय, अजून साधारण दीड वीत लांब आहे.

साताऱ्यात बाहेरच्या काचवाल्यांकडेही गेलो. पहिल्याने गाडीला फेरी मारली आणि हात मागे घेतला. म्हणाला, "बॅटरीची गाडी हाय, काच कापायची तार फिरवताना शॉक-बिक बसला तर कोण निस्तरणार?" दुसरा तयार झाला. साडेनऊ हजारात साधी काच बसवतो, कॅमेरा "चिकटवून बघू" म्हणाला. माझं मन धजलं नाही.

तर मला विचारायचंय ते हे. अण्णांना घेऊन या काचेनिशी अजून पंधरा-वीस दिवस जायला लागलं तर धोका नेमका किती? बाहेरून काच बसवली तर कॅमेऱ्याचं काय होतं? आणि काच लवकर मिळावी म्हणून कुणाकडे, कोणत्या भाषेत मागणी करायची? रोज फोन करून मी आणि तिथली पोरगी दोघंही दमलोय. तिच्या हातात काही नाही हे मला समजतं.

---

पेट्रोलच_बरं
८ डिसेंबर, रात्री १०:१५

इलेक्ट्रिक घेतली की हेच होणार. माझ्या जुन्या गाडीची काच चार हजारात दोन तासांत बदलून मिळाली.

---

टर्नर_नागठाणे
८ डिसेंबर, रात्री १०:३२

दादा, काचेला बॅटरी माहीत नसते. अडलंय ते कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटवर, आणि असा कॅमेरा आता पेट्रोलच्या नव्या गाड्यांनाही येतो. तुमच्या गाडीला तो नव्हता म्हणून दोन तासांत झालं.

---

काचकाम_कुपवाड
९ डिसेंबर, सकाळी ७:०५

टर्नर दादा, एकोणीस वर्षं हेच काम करतोय, आधी मिरजेत दुसऱ्याच्या हाताखाली, आता कुपवाडला स्वतःचं. तुम्ही तारखा टाकल्या ते वाचून बरं वाटलं. गिऱ्हाईक येतं आणि "कालच गेलाय तडा" म्हणतं, काचेत धूळ मात्र महिन्याची बसलेली असते.

आधी एक करा. आत बसून तड्यावरून आडवं नख फिरवा. पुढची काच म्हणजे दोन काचा असतात, मध्ये पीव्हीबीचा पारदर्शक पडदा, बहुतेक गाड्यांत पाऊण मिलिमीटरचा. दगडाने सहसा बाहेरचीच काच जाते. आतून नख अडलं नाही तर आतली काच शाबूत आहे. ही काच बाजूच्या काचांसारखी दाणे-दाणे होऊन अंगावर पडत नाही, दोन्ही काचा गेल्या तरी पडदा धरून ठेवतो. त्यामुळे चालता चालता काच अंगावर येईल ही भीती मनातून काढा.

पण तडा कडेला भिडलाय, ते मला आवडलेलं नाही. काच पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या सीलंटने, बॉडीला चिकटवलेली असते ती फक्त वारा-पाऊस अडवायला नव्हे. गाडी उलटली तर छताला तिचा आधार असतो. आणि डाव्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्डमधून वर फुगते, काचेवर टेकते आणि मग माणसाकडे येते. काचच कमजोर असेल तर ती टेकणार कशावर? तुमचा तडा नेमका डावीकडे. म्हणून सांगतो, अण्णांना पुढच्या सीटवर बसवू नका. मागे, तुमच्या पाठीमागच्या सीटवर बसवा, पट्टा लावून. गाडी हळू चालवा. हा माझा पहिला सल्ला, बाकी सगळं नंतर.

आता तडा का पळाला ते. काच बाहेरून गार, आतून तापली, तर आतली बाजू प्रसरण पावायला बघते आणि बाहेरची ताणली जाते. धड काच हे सोसते, टवका असेल तर ताण सगळा तिथं गोळा होतो. तुम्ही टर्नर आहात, जॉबला खाच पडली की तुटतो तो खाचेतूनच, हे मी तुम्हाला काय सांगणार. आणि पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर इंजिनाच्या पाण्यावर चालतो, तापायला पाच-सात मिनिटं घेतो, काचेला सवय होते. तुमच्या गाडीचा विजेवरचा, बटण दाबलं की मिनिटात भट्टी. इलेक्ट्रिक गाड्यांच्या हिवाळ्यात पळालेल्या काचा माझ्याकडे आल्यात त्या बऱ्याचशा अशाच.

तोवर काय पाळायचं: गरम हवा काचेवर नको, पायावर सोडा आणि पंखा कमी ठेवा. काच धुरकट झाली तर दोन्ही बाजूच्या काचा बोटभर उघडा. दार आपटू नका. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं की आतली हवा पुढच्या काचेला धक्का मारते. वॉशिंग सेंटरला नेऊ नका, प्रेशरचं पाणी तड्यात घुसतं. उन्हात तापलेल्या काचेवर पाणी टाकू नका. बाहेरून स्वच्छ, कोरडं पुसून तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, धूळ जाणार नाही. फेविक्विक अजिबात भरू नका.

टवका होता त्याच दिवशी आला असता तर मी हवा काढून रेझिन भरलं असतं, अतिनील दिव्याखाली सुकवलं असतं, अर्ध्या तासाचं काम. पाच रुपयाच्या नाण्याहून लहान, कडेपासून लांब, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नाही, असा टवका भरून निघतो. तुमचा तिन्ही बाबतींत बसत होता. आता ४०० मिमीच्या पुढे ते होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तर पैसे घालवू नका.

शॉकचं म्हणाल तर त्या काचवाल्याला समजवा. मोठ्या दाबाच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात आणि पुढच्या काचेच्या चौकटीतून जात नाहीत. तिथं वायर असते ती कॅमेऱ्याची, पावसाच्या सेन्सरची, आरशाची, सगळी १२ व्होल्टची. मी एवढंच पाळतो: चार्जर काढलेला, गाडी पूर्ण बंद, किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक लांब. या गाड्या चालू आहेत का बंद ते आवाजावरून कळत नाही, म्हणून.

साडेनऊ हजारवाल्याकडे जाऊ नका. ब्रॅकेट काचेलाच कारखान्यात ठरलेल्या कोनात चिकटवून येतो. तो हाताने चिकटवून डोळ्यांनी जुळवायची गोष्ट नाही.

---

मिरजेची_ईव्ही
९ डिसेंबर, दुपारी १:२०

दादा, माझ्या गाडीची काच गेल्या मार्चमध्ये बदलली. आमच्याकडे निमित्त वेगळं, अंकलीच्या पुलाजवळ उसाच्या ट्रॉलीतून मोळीच सुटली. माझ्या अनुभवातल्या दोनच गोष्टी सांगते, कारण काचेचं काचकाम दादांनी सांगितलंच आहे.

पहिली, कॅमेरा. काच बदलली की कॅमेरा परत त्याच जागी बसला असं डोळ्यांना दिसतं, पण अंशभर जरी फरक पडला तरी पन्नास मीटरवर तो जवळजवळ मीटरभर चुकतो. पन्नास मीटरवर मीटरभर म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या लेनमध्ये. तो कॅमेरा आपोआप ब्रेक लावायला सांगतो, म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा नव्याने अचूक जुळवणं, झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. काही गाड्यांचं शेडमध्ये समोर ठरलेल्या अंतरावर फलक उभा करून होतं, काहींचं रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवून, काहींना दोन्ही लागतं. माझ्या वेळी मला "एरर कोड काढून टाकला, डॅशबोर्डवरचा लाइट गेला, झालं" असं सांगून गाडी देत होते. लाइट जाणं म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. मी रिपोर्टची प्रिंट मागितली तेव्हा कळलं की केलंच नव्हतं. तिथंच बसून राहिले, दुसऱ्या दिवशी केलं.

दुसरी, पहाटेचा हीटर. मी घरी चार्जर लावलेला असतानाच निघायच्या वीस मिनिटं आधी फोनवरून एसी २२ अंशांवर चालू करते, काचेवर नाही, नुसता आत. काच हळूहळू तापते, दव आपसूक जातं, आणि वीज घरची जाते, बॅटरीतली नाही. रेंज वाचवण्यासाठी तुम्ही हीटर बंद ठेवत होता ना, त्यापेक्षा यात रेंज जास्त वाचते.

अण्णांना माझा नमस्कार सांगा. माझ्या सासऱ्यांचंही डायलिसिस होतं चार वर्षं. सातची पाळी म्हणजे घरात साडेचारला दिवा लागतो, ते मला ठाऊक आहे.

---

निवृत्त_सर्वेक्षक_कराड
९ डिसेंबर, रात्री ८:५०

मी विमा सर्वेक्षक म्हणून तीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. आपली हकिकत नीट वाचली. आधी एक गाठ सोडवू या. उशीर कुणाचा, हे ठरल्याशिवाय तक्रार योग्य दारात जात नाही. विमा कंपनीने चार दिवसांत मंजुरी दिली आहे, म्हणजे तिचं काम झालं. अडलंय ते सुट्या भागाच्या पुरवठ्यावर, आणि तो वाहन कंपनीचा विषय आहे. अनेक जण इथेच चुकतात, विमा कंपनीवर तक्रारी टाकत राहतात आणि दोन महिने घालवतात.

म्हणून वाहन कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करा, सर्व्हिस सेंटरला प्रत ठेवा. त्यात राग नको, आकडे हवेत. चॅसिस क्रमांक, जॉब कार्ड क्रमांक, ऑर्डरची तारीख, चुकीची काच आल्याची तारीख, आणि योग्य काचेचा पार्ट नंबर. पार्ट नंबर महत्त्वाचा, कारण एकाच गाडीच्या काचा कॅमेऱ्याच्या, सेन्सरच्या, आवाज कमी करणाऱ्या अशा वेगवेगळ्या असतात आणि दिसायला सारख्या. चॅसिस क्रमांक टाकून नंबर काढायला सांगा, मॉडेलच्या नावावरून नको. शेवटी एकच मागणी ठेवा, लेखी तारीख. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. तिथेही नाही झालं तर साताऱ्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण एका काचेसाठी तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

विम्याच्या बाजूने आपल्याला माहीत असावं असं थोडं. मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत, रबर आणि प्लास्टिकवर मात्र ५० टक्के धरतात. म्हणजे झिरो डेप, घसारा न कापणारं जादा कव्हर, नसलं तरी काचेची किंमत पूर्ण मिळते, कडेच्या रबरी पट्टीला कात्री लागते. पॉलिसीतली सक्तीची वजावट आपली आपल्याला भरावी लागते. सीलंट, प्रायमर यांना कन्झ्युमेबल म्हणतात, त्यांचं वेगळं कव्हर नसेल तर ते पैसेही आपले. आणि कॅलिब्रेशनची मजुरी अंदाजपत्रकात आजच घालून घ्या. मंजुरीच्या अंदाजपत्रकात ती नसेल तर बिलाच्या वेळी हमखास कापली जाते. हे मी स्वतः कापलेलं आहे, म्हणून सांगतो.

नो क्लेम बोनसचाही हिशेब करा. दोन वर्षं दावा नसेल तर आपल्याला २५ टक्के चालू असेल, पुढच्या नूतनीकरणाला ३५ झाला असता. दाव्याने तो शून्यावर येतो, बोनस संरक्षणाचं कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीवर नाही. काच पंचवीस-तीस हजारांची असेल तर दावा करणंच शहाणपणाचं. तोच टवका हजार-दीड हजारात भरून घेतला असता तर खिशातून देणं परवडलं असतं.

हायवाचा नंबर घेतला नसेल तरी हळहळू नका. स्वतःच्या पॉलिसीवर काचेचा दावा करायला समोरच्या गाडीचा नंबर किंवा पोलिसांत फिर्याद साधारणपणे लागत नाही. आपल्या गाडीत डॅशकॅम असेल तर ती चित्रफीत जपून ठेवा, इतकंच.

---

टर्नर_नागठाणे
१० डिसेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ताई, काचकाम दादा, तिघांचंही सांगणं काल रात्री आणि आज दिवसभरात अमलात आणलं.

नख फिरवलं. आतून गुळगुळीत आहे, म्हणजे आतली काच शाबूत. तरी आज अण्णांना सांगितलं की उद्यापासून मागे बसायचं. त्यांना पटेना. पुढे बसलं की रस्ता दिसतो, मळमळत नाही, असं त्यांचं म्हणणं. एअरबॅग काचेवर कशी टेकते ते मी हाताची मूठ काचेला लावून दाखवलं, तेव्हा गप्प बसले. मागच्या सीटवर माझ्या पाठीशी उशी लावून जागा केलीय.

पार्ट नंबरचं काका बरोबर निघालं. आज सर्व्हिस सेंटरला जाऊन चॅसिस क्रमांक टाकायला लावला. दुसऱ्यांदा जी ऑर्डर टाकली होती तीही परत खालच्या मॉडेलच्याच काचेची होती! म्हणजे मी आणखी पंधरा दिवस वाट बघितली असती आणि परत तीच काच आली असती. तिथला मुलगा खजील झाला, त्याने माझ्यासमोर जुनी रद्द करून नवी टाकली. जुन्या काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटोही काढून दिला, म्हणजे उत्पादक, लॅमिनेटेडची खूण, सगळं जुळवून बघता येईल. ई-मेलही केला, नऊ ओळींचा. कॅलिब्रेशनची मजुरी वाढीव अंदाजपत्रकात घालून विमा कंपनीला पाठवायला सांगितली आहे.

---

काचकाम_कुपवाड
१० डिसेंबर, रात्री ९:५०

शाबास दादा. काच बसवायच्या दिवशी उभं राहून तीन गोष्टी बघा. जुनी काच तारेने कापून काढल्यावर चौकटीवर जुना पीयू एक-दोन मिलिमीटर ठेवून बाकी तासतात. चौकटीच्या रंगाला चरा गेला तर त्यावर प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत आतून गंज धरतो आणि पाणी गळायला लागतं. नव्या काचेच्या काळ्या पट्ट्याला उघड्या हाताने बोटं लावली की पुसून घ्यायला लावा. आणि पीयूच्या नळीवरची मुदत वाचा. किती तासांनी गाडी हलवायची तेही त्याच नळीवर लिहिलेलं असतं, फिटरच्या अंदाजाने जाऊ नका.

---

टर्नर_नागठाणे
२१ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

काच बसली. कुणाला उपयोग होईल म्हणून शेवटपर्यंतचं लिहितो.

ई-मेलला चौथ्या दिवशी उत्तर आलं, तारीख दिली १९. काच १८लाच आली. लाकडी चौकटीत, उभी, मध्ये थर्माकोल. आधी ब्रॅकेट बघितला, मग कोपऱ्यातला शिक्का मोबाईलमधल्या फोटोशी जुळवला, मगच "उतरवा" म्हटलं. जुन्या काचेवर शेवटची खूण १८ डिसेंबरची, ५०३ मिमी. कॅमेऱ्यापासून साधारण वीतभर लांब.

१९ला, शुक्रवारी, सकाळी काम सुरू झालं. मी पूर्ण वेळ उभा होतो, कुणी हरकत घेतली नाही. तार फिरवणारे दोघं, एक आत एक बाहेर, करवतीसारखी पुढे-मागे. माझ्या धंद्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर काम असतं, पण त्या दोघांनी तासणी फिरवून पीयूचा एकसारखा थर ठेवला ते बघून हात जोडावेसे वाटले. उजव्या वरच्या कोपऱ्यात चौकटीला नखाएवढा चरा गेलाच. मी दाखवायच्या आत पोराने प्रायमरचं बोंडूक काढलं होतं. नळीवर मुदत पुढच्या ऑगस्टची होती. रात्रभर गाडी तिथेच ठेवली, बाजूच्या काचा बोटभर उघड्या.

शनिवारी कॅलिब्रेशन. आमच्या गाडीला रस्त्यावरचं लागतं, आणि त्याला दोन्ही बाजूला ठळक पांढरे पट्टे असलेला रस्ता पाहिजे. कराडच्या बाजूला काम चालू असल्याने कित्येक ठिकाणी पट्टेच नाहीत. पहिल्यांदा त्या बाजूला नेली, शेंद्र्याच्या पुढे दोनदा मध्येच अडकलं, स्क्रीनवर टक्का पुढे सरकेना. मग वाढे फाट्यावरून पुण्याच्या बाजूला काढली. लिंब फाटा ओलांडून आनेवाडीच्या टोलनाक्याच्या अलीकडे पूर्ण झालं. सातारा-कराड पट्ट्यातल्या लोकांनी हे आधीच सांगून ठेवा, तेवढाच वेळ वाचेल. ताई, रिपोर्टची प्रिंट मागून घेतली, तारीख-वेळेसकट.

खर्चाचं. एकूण बिल ३१ हजार २०० आणि वर कॅलिब्रेशन ३,५४०. काच पूर्ण मंजूर झाली. माझ्या खिशातून सक्तीची वजावट, सीलंट-प्रायमर, आणि रबरी पट्टीची निम्मी किंमत गेली. कॅलिब्रेशनचे ३,५४० मात्र काकांनी सांगितलं तसेच अडकलेत. वाढीव अंदाजपत्रक पाठवलं होतं, तरी "मूळ मंजुरीत नाही" असा शेरा आलाय. मी भरून गाडी घेतली. काका, आता याच्यासाठी पत्र विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला करू का थेट विमा लोकपालांकडे?

---

निवृत्त_सर्वेक्षक_कराड
२१ डिसेंबर, रात्री ८:१०

आधी तक्रार अधिकाऱ्यालाच, लेखी, आणि पोच घ्या. लोकपालांकडे थेट जाता येत नाही, कंपनीला आधी संधी द्यावी लागते. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे, तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही. पत्रात एवढंच मांडा की काच बदलल्यावर कॅमेरा जुळवणं हा दुरुस्तीचाच भाग आहे, त्याशिवाय गाडी पूर्वस्थितीत येत नाही. सोबत वाढीव अंदाजपत्रक पाठवल्याचा ई-मेल आणि कॅलिब्रेशनचा रिपोर्ट जोडा. मसुदा करून इथे टाका, मी नजर टाकतो.

---

टर्नर_नागठाणे
२१ डिसेंबर, रात्री ८:४०

आज रात्री लिहितो, उद्या टाकतो काका. उद्या सोमवार आहे, अण्णांनी आत्ताच विचारलं, पुढे बसू का म्हणून. बसा म्हटलं.